चाऱ्याचं वावर रात्रीतून साफ, अन् दिवसा एकही अळी दिसत नाही: दरवर्षीचा हा त्रास कसा थांबवायचा

पोळा झाला की हा त्रास सुरू होतो अन् दिवाळी होऊन थंडी पडली तरी थांबत नाही. नेपियर असो, कडवळ (चाऱ्याची ज्वारी) असो, मका, मारवेल, ओट, बरसीम, काहीही असो, संध्याकाळी हिरवंगार दिसणारं वावर सकाळी मधूनमधून विरळ झालेलं, पानाची फक्त मधली शीर उरलेली, कोवळी रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली, आणि दिवसभर शोधा, अळी काही सापडत नाही. मग माणूस कृषी केंद्रात जातो, "भाऊ, अळीचं एखादं जालीम औषध द्या" म्हणतो, भर दुपारी पंप पाठीवर घेऊन फवारतो, चार दिवस बरं वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. नागपूरच्या कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, मौदा, कोणत्याही बाजूला जा, ज्याच्या दारात चार दुधाची ढोरं आहेत त्याची ही तक्रार ठरलेली.

मुळात औषध कमी पडते म्हणून अळी परत येत नाही. दिवसा ती मातीत, भेगेत, ढेकळाखाली नाहीतर गवताच्या बुडात दडून असते आणि आपण फवारतो पानाच्या शेंड्यावर, तेही उन्हात. जी थोडी उघड्यावर सापडते ती मरते. बाकीच्या तशाच राहतात, मोठ्या होतात, तिथंच मातीत कोष करतात, आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, न कापलेल्या गवतात नवीन पतंग अंडी घालून राहिलेले असतात ते वेगळेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाटली उघडायच्या आधी रात्री वावरात जा, कोण खाऊन राहिलं ते डोळ्यानं पाहा, मग ठरवा. निम्म्या वेळा तर ती अळीच नसते.

आधी हे तपासा, अळीच आहे का

गवत जागोजागी पिवळं पडून वाळत असेल आणि मुठीत धरून ओढलं की मुळासकट सतरंजीसारखं वर उचलून येत असेल तर ती हुमणी आहे. खाली खणा, पांढरी जाड अळी, तोंड तपकिरी, इंग्रजी सी सारखी वाकलेली. ती पतंगाची नाही, भुंग्याची अळी आहे, मुळं खाते, पानाला हातही लावत नाही. तिचे भुंगे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात, तेव्हाच झाडाच्या फांद्या हलवून ते गोळा करायचे असतात, तिचा इलाजच वेगळा. रानडुकरांनी वावर उकरून ठेवलं असेल तरी आधी माती पाहा, डुक्कर उगाच उकरत नाही, खाली हुमणी किंवा दुसरं काही खायला असते म्हणूनच उकरते.

देठ तिरपा कापलेला आणि जवळच मोठं बीळ, बिळाच्या तोंडाशी मोकळी माती असेल तर उंदीर. खोडावर मातीचे थर चढलेले आणि आतून पोखरलेलं असेल तर वाळवी. आणि फक्त मधला पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, सुकलेला, बाकी पानं हिरवी, ओढला की पोंगा अलगद हातात येते, बुडाशी सडल्यासारखा वास, तर तो खोडकिडा, जो खोडाच्या आत बसून खातो, त्याला मातीत शोधून उपयोग नाही.

हे सगळं नसेल, पानं कडेनं कुरतडलेली आहेत, जमिनीवर हिरवट काळपट विष्ठेचे बारीक दाणे पडलेले आहेत, तर मग पतंगाची अळी. आपल्या भागात चाऱ्यात मुख्यतः तीन भेटतात आणि तिघींचा दिवसाचा पत्ता वेगळा आहे, म्हणून ओळख महत्त्वाची.

पहिली आपली जुनी लष्करी अळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडं धान निसवल्यावर लोंब्या कापून टाकते तीच. हिरवट ते तपकिरी, अंगावर लांब पट्टे, दिवसा गवताच्या बुडात, पोंग्यात किंवा जमिनीच्या भेगेत, अंधार पडला की वर. पतंग पानाच्या आवरणाच्या आत किंवा वाळक्या दुमडलेल्या पानात अंडी घालतो त्यामुळं ती दिसतच नाहीत. पावसाचा मोठा खंड पडला आणि त्यानंतर चांगला पाऊस झाला की हिचा जोर वाढतो. एका वावरातलं संपलं की झुंडीनं बाजूच्या वावरात जाते, लष्करी नाव त्यावरूनच.

दुसरी कुरतडणारी अळी, काही लोक कटवर्म म्हणतात, ती हरभऱ्यात, बटाट्यात, बरसीममध्ये, लसूणघासात सगळीकडं असते. ही खरी मातीतली. काळपट राखाडी, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत, पूर्ण वाढली की ४ ते ४.५ सेंटीमीटर, हात लावला की गोल होऊन पडते. गोल होते म्हणून लोक हिला हुमणी समजतात, पण हुमणी पांढरी असते आणि तिला फक्त पुढचे तीन जोड पाय असतात, हिला पोटाखाली मागंही मांसल पाय असतात. उलटी करून पाहा, लगेच कळते. थंडीत, म्हणजे दिवाळीनंतर, हिचा हंगाम. नाल्याकाठची, पाणी साचून ओसरलेली, ओल धरून ठेवणारी जमीन हिला आवडते, आणि पेरणीआधी ज्या वावरात तण माजलेलं असते तिथं पतंग आधीच अंडी घालून गेलेला असतो. आपण पेरतो तेव्हा अळी तयारच असते आणि कोंब वर आला की कापते.

तिसरी अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. मक्यात सगळ्यात जास्त, पण कडवळ आणि नेपियरही सोडत नाही. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. ही दिवसा मातीत नसते, पोंग्यात बसून असते आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसते. मातीत फक्त कोष करायला उतरते. म्हणजे हिच्यासाठी पोंग्यात औषध गेलं पाहिजे आणि पहिल्या दोघींसाठी बुडात. सरसकट वरून फवारून तिन्ही मरतील अशी आशा करू नका.

रात्री नेमकं काय पाहायचं

अंधार पडल्यावर दोनेक तासांनी जा. गमबूट घाला, हातात काठी ठेवा, सोबत कोणीतरी असू द्या, आपल्याकडं सापांचं प्रमाण काय आहे ते सांगायला नको. बॅटरी सरळ वरून मारू नका, जमिनीला समांतर धरा, म्हणजे गवताच्या बुडातली हालचाल दिसते.

जिथं कालपरवाचं नुकसान आहे आणि जिथं चांगलं हिरवं आहे, त्या दोघांच्या सीमेवर बसा, कारण अळी खाल्लेल्या जागेत थांबत नाही, ती पुढं सरकलेली असते. आता नीट पाहिलं तर कुरतडणारी अळी मातीतून निम्मीच बाहेर आलेली दिसते, मागचं अंग छिद्रातच, पुढच्या पायांनी देठ धरलेला, आणि देठ कापून झाला की तो तिथंच न खाता छिद्राकडं ओढून राहते. सकाळी याच जागी तुम्हाला मातीत खोचल्यासारखं उभं राहिलेलं सुकलेलं पान दिसते, लोक ते पाहतात पण त्याचा अर्थ लक्षात घेत नाहीत. ते पान अलगद उपटा, त्याखाली बोटाच्या दोन पेरांएवढी माती खुरप्यानं बाजूला करा, अळी तिथंच असते. लष्करी असेल तर पानाच्या कडेवर डोकं खाली वर करत खाताना दिसते आणि उजेड पडला की पटकन खाली पडते, म्हणून हाताखाली टोपलं धरा.

ज्यांना रात्री जाणं जमत नाही किंवा ज्यांचं दाट बसकं गवत आहे, हरळी आहे, घरापुढचं लॉन आहे, त्यांच्यासाठी साबणाची युक्ती. ४ लिटर पाण्यात २ मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड, एक चौरस मीटर जागेवर झारीनं सावकाश ओता आणि ५ ते १० मिनिटं थांबा. साबणाच्या पाण्यानं अंगाची आग झाली की अळ्या वर येतात. हुमणी येत नाही, तिच्यासाठी खणावंच लागते. आपल्या काळ्या मातीत भेगा असतील तर पाणी सरळ भेगेत जाते आणि काहीच वर येत नाही, म्हणून आधी साधं पाणी मारून जागा भिजवून घ्या, मग साबणाचं ओता. चार पाच ठिकाणी करा, एका जागेवरून ठरवू नका. धानात लष्करी अळीसाठी चौरस मीटरला ४ ते ५ अळ्या ही पातळी धरतात, चाऱ्यातही मी साधारण तिथूनच गंभीरपणे घ्यायला लागतो, पण नुकतंच उगवलेलं वावर असेल तर त्याहून कमी अळ्याही नुकसान करतात कारण तिथं एक कापलेलं रोप म्हणजे एक गेलेलं रोप.

अळीचा आकारही लिहून ठेवा. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खाते, म्हणजे बारीक असताना कळलंच नाही आणि एकदम तीन रात्रीत वावर गेलं असं वाटते ते यामुळंच. बारीक अळी असेल तर जैविक औषधानं काम होते. मोठ्या, जाड झालेल्या असतील तर त्या थोड्याच दिवसात आपोआप कोषात जाणार, तेव्हा फवारणीचा पैसा वाया, त्यापेक्षा चारा कापा आणि पुढच्या पिढीची तयारी करा. ओळख पटत नसेल तर अळी जिवंत, थोड्या गवतासह, छिद्रं पाडलेल्या डब्यात घालून नागपूरच्या महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

इंटरनेटवरच्या न्यूझीलंडवाल्या सल्ल्याबद्दल

बिळात राहणारी, रात्री गवत खाणारी अळी असं शोधलं की न्यूझीलंडची पोरिना येते आणि बरीच मंडळी ते व्हिडिओ पाहून तेच वेळापत्रक इथं लावायला जातात. पोरिना खरंच तशीच वागते, मातीत बीळ करून राहते, रात्री वर येऊन पान कापते आणि आत ओढते. पण तिची वर्षात एकच पिढी असते, पतंग तिथल्या वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत उडतात, पतंगाला खायला तोंडच नसते, अंडी घालून थोड्या दिवसांत मरतो. म्हणून तिथले लोक पतंगाच्या उडण्यावरून हिशोब करून बारीक अळीवर डायफ्लुबेन्झुरॉन मारतात, जे अळीला कात टाकू देत नाही. आपल्याकडं पोरिना नाहीच, आणि आपल्या अळ्यांच्या वर्षात कितीतरी पिढ्या होतात, उबदार हवेत साधारण महिन्याभरात एक. एकदा मारलं आणि वर्ष निघालं हे इथं होत नाही. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे अळी बारीक असताना पकडायची आणि गवत फार वाढू द्यायचं नाही.

आज वावर खाऊन राहिली असेल तर

चारा कापण्याजोगा असेल तर पहिलं काम कापा. खरंच, चाऱ्याच्या पिकात यासारखा इलाज नाही, कापूस तूर वाल्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे. पाच सात दिवस लवकर कापला तर थोडं वजन कमी भरेल पण अळीच्या तोंडात जाण्यापेक्षा ढोरांच्या तोंडात गेलेला बरा. कापताना नुकसानीच्या सीमेपासून हिरव्या भागाकडं दोन चार ओळींचा पट्टा आधी कापून काढा, कापलेला चारा तिथं पसरून ठेवू नका, लगेच उचला. झटकून, कुट्टी करून घाला. बुरशी धरलेला किंवा केसाळ अळ्या असलेला चारा मात्र घालू नका, केसांनी जनावराच्या तोंडाला त्रास होतो.

कापल्यावर वावर उघडं होते, ऊन बुडापर्यंत जाते, बगळे येतात. त्याच दिवशी पाणी भरपूर सोडता आलं तर सोडा, भेगांत पाणी गेलं की अळ्या वर येतात आणि बगळे, साळुंक्या, कोतवाल त्यांचा फडशा पाडतात. पाणी सकाळी सोडा, रात्री सोडलं तर पक्षी कुठून येणार. पक्ष्यांना बसायला काठ्यांचे थांबे रोवा, वावराच्या मधोमध, फक्त धुऱ्यावर नाही.

कापण्याजोगं नसेल, नुकतं उगवलेलं असेल, तर गवताचे ढीग. हा आपल्या आजोबांच्या वेळचा उपाय आहे आणि विद्यापीठंही सांगतात. संध्याकाळी ओलं तण, गवत, पालापाचोळा यांचे छोटे छोटे ढीग वावरात जागोजागी ठेवायचे, अळ्या रात्री खाऊन पहाटे अंधार शोधत त्याखाली शिरतात, सकाळी ऊन चढायच्या आत ढीग उचलायचे, खालच्या अळ्या गोळा करून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. ढीग रोज हलवायचे आणि जुना वाळला की नवीन ओला ठेवायचा, वाळलेल्या ढिगाखाली काही येत नाही. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, पण एक एकराच्या आतलं चाऱ्याचं वावर घरच्या दोन माणसांना सकाळी होते.

कोंड्याचं विषारी आमिष, म्हणजे भाताचा कोंडा, गूळ आणि त्यात विष, हे मक्यात करतात आणि चालतेही, पण जिथं गाई वासरं, कुत्री, कोंबड्या फिरतात तिथं मी ते कधीच करू देणार नाही. गुळाच्या वासानं वासरू आधी येते, अळी नंतर.

औषधाबद्दल, कारण शेवटी सगळे तिथंच येतात

हा चारा आज कापून उद्या दुधाच्या जनावराला जाणार आहे आणि ते दूध आपल्याच लेकरांना जाणार आहे. मग कपाशीवरचं उरलेलं औषध इथं मारणं बंद झालं पाहिजे. बाटलीवरच्या कागदावर चाऱ्याचं पीक लिहिलेलं आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस कापायचं नाही हे लिहिलेलं असते, ते दुकानात उभं राहून वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. चारा लिहिलेला नसेल तर ते औषध चाऱ्यासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंगही पाहा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. जुन्या सवयीनं कोणी मातीत टाकायला फोरेटचे दाणे मागते, फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत, मिथिल पॅराथिऑनची भुकटी त्याआधीच बंद झाली. कोणाकडं जुना साठा पडला असेल तर तो वापरायचा नाही. आणि २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली ते आपण विदर्भातल्या लोकांनी तरी विसरू नये, उंच दाट पिकात, तोंडावर कापड न बांधता, उकाड्यात फवारायला कोणालाही पाठवू नका. सालदारालाही नाही.

चाऱ्यासाठी मी आधी जैविकच सांगतो. बीटी कुर्स्टाकी, म्हणजे अळीला मारणाऱ्या जिवाणूची पावडर, लिटरला २ ग्रॅम. ही अळीच्या पोटात गेली पाहिजे, नुसती अंगावर पडून काही होत नाही, म्हणून अळी जिथून खाते ते पान आणि बूड चांगलं ओलं झालं पाहिजे. उन्हात ती लवकर निकामी होते, म्हणून फवारणी सूर्य मावळताना. अळी लगेच मरत नाही, खाणं बंद करते आणि दोन तीन दिवसांत मरते, दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून औषध फेल म्हणू नका. बारीक अळीवर चांगलं चालते, मोठीवर कमी.

पावसाळ्यात हवा दमट असताना मेटारायझियम रायली नावाची बुरशी मिळते, जुनं नाव नोमुरिया, ती लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास, पाकिटावरचं प्रमाण पाहून. ही बुरशी आपल्या वावरात निसर्गतःही असते. सप्टेंबरमध्ये झडीचे दिवस गेले की पानाला चिकटून ताठ झालेली, आधी पांढरी आणि मग फिकट हिरव्या भुकटीनं माखलेली अळी दिसते, खडूसारखी कडक, बोट लावलं की हिरवी पावडर बोटाला लागते. अशा अळ्या दिसल्या तर रासायनिक फवारणी करूच नका, विशेषतः बुरशीनाशक तर अजिबात नाही, रोग पसरू द्या, काही दिवसांत बाकीच्याही तशाच होतात. अशा मेलेल्या अळ्या असलेली पानं तोडून ज्या कोपऱ्यात रोग पोचला नाही तिथं नेऊन टाका.

निंबोळी अर्क ५ टक्के घरीच होते. ५ किलो निंबोळ्या वाटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबण घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा. अंडी घालायला येणारे पतंग आणि बारीक अळ्या दोन्हीला त्रास होतो. निंबोळ्या जून जुलैत पडतात तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात, सप्टेंबरमध्ये शोधायला निघालं तर मिळत नाहीत.

पंपाचा नोझल खाली, गवताच्या बुडाकडं, पाणी जास्त, वेळ संध्याकाळ. अमेरिकन लष्करी असेल तर नोझल सरळ पोंग्यात. बहुतेक ठिकाणी एवढं बदललं तरी फरक पडते.

परत येऊ नये म्हणून

धुरा साफ ठेवा. वावर स्वच्छ आणि धुऱ्यावर कमरेएवढं गवत, हे चित्र आपल्याकडं गावोगाव आहे आणि लष्करी अळीच्या पुढच्या पिढीचं घर तिथंच असते. पोळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा धुरे कापा, कापलेलं गवत ढोरांना घाला, जाळू नका. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपण इडापिडा घेऊन जा म्हणतो ना, बरोबर त्याच दिवसांत अळीची पहिली मोठी पिढी वाढत असते, तेव्हा ती तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे.

रब्बीत बरसीम, ओट, लसूणघास घेणार असाल तर पेरणीच्या दोन तीन आठवडे आधी तण काढून वखरणी झालीच पाहिजे. तण मेलं की आधीच निघालेल्या बारीक अळ्या उपाशी मरतात. तण आज काढलं आणि उद्या पेरलं तर त्याच अळ्या तुमच्या कोंबावर येतात. ढेकळं फोडा, ढेकळाखालचा थंडावा कुरतडणाऱ्या अळीला फार आवडते. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका, पूर्ण कुजलेलं टाका.

उन्हाळ्यात जी जागा रिकामी होते ती एप्रिल मेमध्ये खोल नांगरा आणि तशीच तापू द्या. नागपूरचं ४५ अंशाचं ऊन फुकटचं आहे, कोष वर येतात, काही भाजतात, काही पक्षी खातात. नेपियरसारखं बहुवर्षीय असेल तर नांगरता येत नाही, तिथं ठोंबांमधली माती डवऱ्यानं किंवा कुदळीनं हलवून घ्या आणि बुडातला वाळलेला पाचोळा काढा, तिथंच अळी दिवस काढते. आणि नेपियर डोक्यावर जाऊ देऊ नका, वेळेवर कापत राहिलं तर अळीला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. चराऊ कुरण असेल, पवना, मारवेल, कुसळी असं, तर तुकडे पाडून आळीपाळीनं जनावरं चारा, सगळीकडं उंच वाढू देऊन एकदम सोडू नका. मात्र पावसात ओल्या काळ्या मातीत जनावरं घातली तर अळीपेक्षा खुरांनी जास्त नुकसान होते, तेव्हा बांधून कापून घाला.

प्रकाश सापळा लावायचा तर पतंग किती येऊन राहिले हे कळायला लावा. बल्ब, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं, संध्याकाळी अंधार पडल्यापासून काही तास. रोज सकाळी पतंग पाहा. एकदम संख्या वाढली की आठवडाभरानं रात्रीची फेरी वाढवा, कारण बारीक अळ्या तेव्हा निघालेल्या असतात आणि तेव्हाच बीटी उपयोगी पडते. रात्रभर लावून ठेवू नका, मित्रकीटकही मरतात.

खाल्लेल्या वावराचं पुढं काय

नेपियर आणि मारवेल बुडातून पुन्हा फुटतात, घाबरून उपटू नका. पाणी द्या, ओल असताना थोडा युरिया द्या, महिन्याभरात उभं राहते. बरसीम, ओट विरळ झालं असेल तर लवकर असल्यास मोकळ्या जागी पुन्हा बी टाका. मका पोंग्याखाली कापला गेला असेल तर तो गेला, तिथं वाट पाहण्यात अर्थ नाही.

ज्वारीच्या कडवळाबद्दल मात्र फार काळजी घ्या. अळीनं खाल्लं, पाण्याचा ताण बसला आणि मग बुडातून कोवळे हिरवेगार फुटवे आले की ढोरं त्यावर तुटून पडतात, आणि त्याच फुटव्यात हायड्रोसायनिक आम्ल या विषाचं प्रमाण सगळ्यात जास्त असते. जनावर काही मिनिटांत धापा टाकते, तोंडाला फेस येते, थरथरते, पडते. असे फुटवे चरायला सोडायचे नाहीत, पुन्हा वाढून निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापायचं. चुकून खाल्लंच तर घरगुती काही पाजत बसू नका, ताबडतोब पशुवैद्यकाला फोन करा आणि ज्वारीचे फुटवे खाल्ले हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते योग्य इंजेक्शन सोबत घेऊन निघतील.